ओरापोनोबी

संध्याकाळी दिवेलागण झाली की आमच्या वसईच्या घरात रोझरी सुरू व्हायची. ओटीवर चटई, भिंतीवर मरियामातेची तसबीर, तिच्यापुढे बारका लाल दिवा. आम्ही नातवंडं डोळे मिटल्यासारखं करून एकमेकांना कोपरं मारायचो. प्रार्थना सगळी मराठीत. पण शेवटी संतांची नावं घेत जाणारी ती लांबलचक विनवणी आली की आम्ही ‘आम्हांसाठी विनंती कर’ म्हणायचो आणि आजी मात्र आपल्याच तंद्रीत पुटपुटायची : ओरापोनोबी. संत जोसेफ, ओरापोनोबी. संत आन्ना, ओरापोनोबी.

१९६०च्या दशकात मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत आली तेव्हा आजी तिशी ओलांडून गेली होती. तोवर कानांनी जे शिकली ते जिभेवर तसंच राहिलं. अर्थ तिला कोणी सांगितला नव्हता, तिनेही विचारला नव्हता. मला तो एकच शब्द वाटायचा. संतांना हाक मारायचा शब्द, जसा गाईला बोलवायचा वेगळा आवाज असतो तसा.

पुढे बऱ्याच वर्षांनी, इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅममध्ये, चर्चच्या जुन्या भाषेच्या, लॅटिनच्या, पहिल्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. ओरा : प्रार्थना कर. प्रो : साठी. नोबिस : आम्हां. चतुर्थी नाही, पंचमी. ‘प्रो’ला पंचमी लागते. मी वहीत उतरवून घेतलं आणि मग माझा हात थांबला. आजीचा शब्द माझ्यासमोर तीन तुकड्यांत उलगडून पडला होता. शेवटचा ‘स’ तिने कधीच गाळून टाकला होता, ‘प्रो’तला ‘र’ही. अर्थ मात्र जसाच्या तसा पोचवला होता.

मुंबईत इतिहासात बी.ए. केल्यावर मध्ययुगाचा अभ्यास करायला मी तिथे गेले होते. मध्ययुगीन युरोपचा इतिहास शिकायचा तर लॅटिनला पर्याय नाही. राजाचं फर्मान, मठाचा जमाखर्च, संताचं चरित्र, खटल्याचा निकाल, शाळेतल्या पोराचं गृहपाठाचं पुस्तक, बरंचसं लॅटिनमध्ये. विभक्तीचं भय मला कधी वाटलं नाही. माझ्या इंग्रज मैत्रिणींना नामाचं रूप वाक्यातल्या कामाप्रमाणे बदलतं हीच गोष्ट पचायला महिना लागला. मी शाळेत ‘रामः रामौ रामाः’ घोकलं होतं, आणि आपल्या मराठीत तर घर-घरा-घराला-घरात हे आपण झोपेतही करतो. मला अडवलं ते वेगळ्याच जागी.

एका मठाधिपतीबद्दलच्या उताऱ्यात ‘कॉन्वेर्सातिओ’ असा शब्द होता. मी ‘संभाषण’ असं भाषांतर केलं. त्याचं संभाषण अत्यंत पवित्र होतं, असं काहीतरी. बाई म्हणाल्या, वाक्य नीट उभं राहतंय ना? मग संशय घ्या. मठाच्या भाषेत तो शब्द म्हणजे जगण्याची रीत, आचार. मध्ययुगीन लॅटिनचं हेच आहे. शब्द जुन्या रोमन वक्त्या सिसेरोच्या काळातला दिसतो, पण मधल्या सहाशे-आठशे वर्षांत आतून बदललेला असतो. ‘कोमेस’ हा सोबती होता, तो सरदार झाला. ‘विर्तुस’ म्हणजे शौर्य, ते संतांच्या गोष्टींत चमत्कार झालं. नेहमीचा लॅटिन कोश उघडून बसलात तर फसगत ठरलेली. मला तेव्हा लीळाचरित्र आठवलं. त्यात ‘वासना’ म्हणजे एखाद्या लीळेची अमक्या शिष्याच्या आठवणीतून आलेली वेगळी हकीकत. आजच्या अर्थाने वाचलं तर अनर्थच.

त्या वर्षी मी ज्याच्या सहवासात सर्वांत जास्त राहिले तो माणूस म्हणजे बीड. उच्चार आपल्या बीड जिल्ह्यासारखाच. साधारण ६७३ साली उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थंब्रियाच्या राज्यात जन्मला, सात वर्षांचा असताना घरच्यांनी त्याला मठात सोपवलं आणि ७३५ साली जॅरोच्या मठातच तो वारला. मधल्या काळात फारसा कुठे गेला नाही. ७३१ साली त्याने इंग्रज लोकांच्या धर्मसंस्थेचा इतिहास लिहून पुरा केला, पाच भागांत. आज त्या काळच्या इंग्लंडबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं निम्म्याहून जास्त या एका मठात बसलेल्या माणसामुळे आहे, असं म्हटलं तर त्या विषयातले फार थोडे लोक हरकत घेतील.

पण मला त्याच्याजवळ नेलं ते या थोरवीने नाही. त्याने शाळेची पुस्तकं लिहिली होती त्यांनी नेलं. लॅटिन छंदांवर एक, शुद्धलेखनावर एक, अलंकारांवर एक, कालगणनेवर दोन. शुद्धलेखनाच्या पुस्तकात हा शब्द असा लिहा, त्या शब्दाला ही विभक्ती लावा, हे दोन सारखे दिसतात पण अर्थ वेगळे, अशा याद्या आहेत. ती वाचताना मला पुन:पुन्हा वाटत राहिलं, हे तर परकी भाषा शिकलेल्या माणसाचं पुस्तक आहे! बीडची मायबोली लॅटिन नव्हती. त्याच्या आईने त्याला ज्या भाषेत निजवलं असेल ती जुनी इंग्रजी. लॅटिनशी तिचं नातं मराठीइतकंच लांबचं. सातव्या वर्षी मठात गेल्यावर त्याने लॅटिन शिकायला घेतली, मी पाचवीत इंग्रजी घेतली तशी. त्याच्या वर्गात बसलेली पोरंही तशीच. आयरिश मठातला नकलकार, सॅक्सनीतली जोगीण, बोहेमियातला इतिहासकार, कोणाच्याच घरात ही भाषा बोलली जात नव्हती. हजार वर्षं एका अख्ख्या खंडाने आपला इतिहास, आपली भक्ती, आपली भांडणं अशा भाषेत लिहिली जी सगळ्यांनी छडी खात शिकलेली होती.

हे कळल्यावर त्या वर्गात मी जरा ताठ बसू लागले. तोवर मनात कुठेतरी होतं की ही यांची भाषा, यांचे पूर्वज, मी उसन्या घरात आलेली पाहुणी. पण बीडसुद्धा पाहुणाच होता. फरक एवढाच की तो लवकर आला आणि जन्मभर राहिला.

आजच्या फ्रान्समधल्या तूर गावचा बिशप ग्रेगरी बीडच्या शंभर वर्षं आधीचा. त्याच्या घरातली बोली लॅटिनचीच लेक, तरी व्याकरणाच्या भीतीने तो सतत माफी मागतो. माझी लिंगं चुकतात, विभक्त्या चुकतात, म्हणतो. आणि दहाव्या भागाच्या शेवटी तोच माणूस ताठ उभा राहून पुढच्या बिशपांना बजावतो : तुम्ही सगळ्या विद्या शिकलेले असाल, माझी भाषा तुम्हाला गावंढळ वाटेल, वाटल्यास माझं लिखाण पद्यात घाला, पण यातलं काही खोडू नका. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाषा मोडकी आहे हे माहीत असूनही जे पाहिलं ते लिहिलंच पाहिजे, आणि लिहिलेलं राहिलंच पाहिजे, हा हट्ट. इतिहास लिहिणाऱ्याला याहून जास्त काय लागतं मला माहीत नाही.

दुसऱ्या सत्रात हस्तलिखितं वाचायचा तास सुरू झाला. कातड्यावर लिहायचं, कातडं महाग, म्हणून जागा वाचवायची. त्यासाठी शब्द आखडायचे. ‘प’च्या पायावर आडवी रेघ मारली की ‘पेर’, डोक्यावर मारली की ‘प्रे’, पोटापासून शेपूट काढलं की ‘प्रो’. स्वरावर रेघ म्हणजे पुढचा ‘म’ किंवा ‘न’ गिळलेला. आपल्या इंग्रजी ७ सारखी खूण म्हणजे ‘आणि’. उत्तर मध्ययुगातल्या टोकदार अक्षरांत तर ‘मिनिमुम’ हा शब्द म्हणजे एकापुढे एक पंधरा उभ्या काड्या, कुठे ‘म’ संपतो आणि कुठे ‘इ’ लागते ते तुमचं तुम्ही ठरवा. मैत्रिणी हवालदिल झाल्या. मी मुंबईत असताना मोडीचा वर्ग केला होता. मोडीतही लेखणी न उचलता ओळ ओढलेली असते, ‘मु॥’ म्हणजे मुक्काम हे ठाऊक नसेल तर पत्र कुठून आलं हेच कळत नाही. तिथल्या आमच्या सरांनी एक गोष्ट अंगी बाणवली होती : अक्षर लागत नसेल तर त्याच हाताचं दुसरं अक्षर शोधा, अंदाज करू नका. तीच शिस्त इथे कामाला आली. माणूस घाईत असला, दमला असला, हात गारठला असला की त्याचं अक्षर जसं बदलतं ते पुण्यात आणि डरहॅममध्ये सारखंच बदलतं.

बीडच्या इतिहासाची प्रस्तावना आम्ही तीन आठवडे वाचली. मला विचाराल तर त्या काळातलं ते सर्वांत प्रामाणिक पान आहे. हे मला कोणी सांगितलं, ते कुठून आलं, याचा हिशोब तो आधीच देऊन टाकतो. कँटरबरीचा मठाधिपती आल्बिनुस याने तिथल्या कागदपत्रांतून आणि जुन्याजाणत्यांच्या तोंडून माहिती जमवली. ती लंडनच्या नॉथेल्म नावाच्या धर्मगुरूने बीडपर्यंत आणली. तोच नॉथेल्म पुढे रोमला गेला, पोपच्या दप्तरातली जुनी पत्रं शोधून त्यांच्या नकला घेऊन आला. बीडने ती पत्रं जशीच्या तशी ग्रंथात घातली. आणि शेवटी वाचकाला विनंती : यात काही खरं नसलेलं आढळलं तर दोष मला देऊ नका, लोकांच्या तोंडी जे होतं ते मी सरळपणे पुढच्या पिढ्यांसाठी लिहून ठेवलं आहे. आपला म्हाइंभट चक्रधरांच्या आठवणी गोळा करत असाच माणसा-माणसाकडे गेला होता.

मात्र या सज्जन माणसाने मला एकदा फार दुखावलं. साधारण ६१६ साली चेस्टरला लढाई झाली. इंग्रजांच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या ब्रिटन लोकांच्या बाजूने बँगोरच्या मठातले मठवासी आले होते. हातात शस्त्र नाही, बाजूला उभे राहून प्रार्थना करायला आलेले. नॉर्थंब्रियाचा राजा तेव्हा ख्रिस्ती नव्हता. तो म्हणाला, हे आमच्याविरुद्ध देवाला हाक मारत आहेत, म्हणजे हेही आमच्याशी लढतच आहेत. आधी यांनाच कापा. बाराशेच्या आसपास मेले, पन्नासेक पळाले. आणि बीड, जो स्वतः मठवासी, ज्याने आयुष्यभर याच स्तोत्रांचा पाठ केला, तो ही कत्तल देवाचा न्याय म्हणून सांगतो. कारण त्या लोकांनी रोमची पद्धत मानली नव्हती, ईस्टर वेगळ्या हिशोबाने धरत होते. आमच्या वर्गात बहुतेकांनी ‘त्या काळाची दृष्टी’ म्हणून पान उलटलं. मला नाही उलटता आलं. वाचकाकडे स्वतःसाठी जी दया तो प्रस्तावनेत मागतो त्यातला एक घोट त्या बाराशेंसाठी त्याच्याकडे का नव्हता? मी निबंध याच पानावर लिहिला. मला बीड आवडतो, म्हणूनच हे पान मी सोडणार नाही.

ईस्टरचा तो हिशोब त्याच्या आयुष्याचा ध्यास होता, आणि त्यातूनच एक गोष्ट निघाली जी आपण रोज वापरतो. ख्रिस्तजन्मापासून वर्षं मोजायची कल्पना ५२५च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या डायोनिसियसची, पण इतिहासाचा ग्रंथ त्या गणनेत ओवून दाखवला तो बीडने. ती रीत तिथून युरोपभर पसरली. आपण ‘इ.स.’ लिहितो, शाळेतली पोरं ‘इसवी सन’ पाठ करतात, त्या दोन अक्षरांत जॅरोच्या थंडीत बसलेला हा माणूस आहे.

तो जॅरो मी मार्चमध्ये पाहून आले. न्यूकॅसलहून मेट्रो घ्यायची, आणि उतरायचं ते स्टेशनच ‘बीड’ नावाचं. आजूबाजूला गोदामं, नदीकाठचा चिखल, बोचरा वारा. तिथल्या सेंट पॉलच्या चर्चमध्ये कमानीच्या वर दोन दगड बसवलेत, त्यांवर चर्चच्या समर्पणाचा मजकूर कोरलेला आहे. मी मान वर करून अक्षर-अक्षर लावत उभी राहिले. मे महिन्याच्या प्रतिपदेआधी नववा दिवस. दोन्ही टोकं धरून उलटं मोजायचं, म्हणजे २३ एप्रिल. एजफ्रिथ राजाचं पंधरावं वर्ष. चेओल्फ्रिथ मठाधिपतीचं चौथं. दगडावर सन नाही. ६८५ हे आपण लावायचं, जसं राज्याभिषेक शकाचं पत्र हातात आलं की आपण बोटं मोजतो. त्यानंतर महिनाभराच्या आतच एजफ्रिथ लढाईत मारला गेला. दगड कोरणाऱ्याला ते माहीत नव्हतं. बीड तेव्हा बारा वर्षांचा होता. हा दगड बसवला त्या दिवशी तो त्या गर्दीत कुठेतरी असेल, निदान मला तसं वाटून घ्यायला आवडतं.

त्याची हाडं आता जॅरोत नाहीत, डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये आहेत. मी रोज तिथून जायचे. आत शिरल्यावर फरशीत काळ्या दगडाची एक पट्टी आहे; मठाच्या काळात बायकांनी तिच्यापुढे जायचं नसे. तिच्या मागच्या अंगाला, पश्चिमेच्या टोकाशी, गॅलिली चॅपलमध्ये बीडची साधी थडग्याची शिळा. वरच्या ओळीचा अर्थ : या खड्ड्यात वंदनीय बीडची हाडं आहेत. ‘फोस्सा’ आणि ‘ओस्सा’, यमक जुळवलेलं. जुन्या रोमन कवींना यमकाची गरज नव्हती. मध्ययुगाने ते लाडाने घेतलं. ओवी ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला ती ओळ लगेच आपली वाटली.

त्याच्या मृत्यूची हकीकत त्याच्या कथबर्ट नावाच्या शिष्याने पत्रात लिहून ठेवली आहे. शेवटच्या दिवसांत श्वास लागत असताना बीड योहानाचं शुभवर्तमान लॅटिनमधून आपल्या मायबोलीत आणत होता. जन्मभर लॅटिनमध्ये लिहिलेल्या माणसाचं शेवटचं काम हे. त्याने म्हटलेल्या पाच ओळीही पत्रात इंग्रजीतच आहेत. आपल्या इतिहासात त्याने कॅडमन नावाच्या गुराख्याची गोष्ट सांगितली आहे, ज्याला एका रात्री स्वप्नात गाणं आलं. त्या गाण्याचा फक्त मथितार्थ लॅटिनमध्ये देऊन बीड म्हणतो, कविता कितीही चांगली असली तरी एका भाषेतून दुसरीत शब्दाला शब्द नेली की तिचं तेज जातं. पण नकलकारांना ते सहन झालं नाही. त्याच्या मृत्यूनंतर दोन-चार वर्षांत केलेल्या, आता केंब्रिजमध्ये असलेल्या प्रतीच्या शेवटच्या पानावर कोणीतरी ते गाणं मूळ इंग्रजीत लिहून ठेवलं. लॅटिन ग्रंथाच्या अगदी कडेला मायबोलीच्या नऊ ओळी.

त्याच पत्रात आहे : तिसऱ्या प्रहरी बीडने सांगितलं, माझ्या पेटीत काही मौल्यवान वस्तू आहेत, धावत जा आणि मठातल्या धर्मगुरूंना बोलावून आण, म्हणजे देवाने मला जे दिलं ते मी त्यांना वाटतो. वस्तू तीन. मिरी, कापडी रुमाल आणि धूप.

ग्रंथालयात मी त्या शब्दावर बोट ठेवून बसले. ‘पिपेर’. मिरी. आपल्याच पश्चिम किनाऱ्याच्या दक्षिणेला, मलबारात पिकलेली, अरबी समुद्र ओलांडून, किती हातांतून, किती बंदरांतून त्या चिखलाच्या काठी पोचलेली. मरणारा माणूस ती चार-चार दाणे वाटतोय. आजी उन्हाळ्यात मसाल्याची तयारी करायची तेव्हा मिरी सुपात घेऊन खडे वेचायला मला बसवायची. बोटांना येणारा तो तिखट, कोरडा वास मला त्या शांत दालनात स्वच्छ आला.

आजीला मी हे सगळं फोनवर सांगायचे. लढाया तिला नको असत. माणसं हवी असत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिला मी बाव्हेरियातल्या एका धर्मगुरूची गोष्ट सांगितली. त्याला लॅटिन येत नव्हतं. बाप्तिस्मा देताना ‘पित्याच्या आणि पुत्राच्या नावाने’ म्हणायचं, तर तो ‘पात्रिया एत फिलिया’ म्हणायचा. ‘देश आणि मुलगी’ असं काहीतरी. बॉनिफेस या मोठ्या धर्मप्रसारकाने हुकूम सोडला, त्याने बाप्तिस्मा दिलेल्या सगळ्यांना पुन्हा बाप्तिस्मा द्या. गोष्ट रोमला गेली. ७४६ साली पोप झकारीने बॉनिफेसला लिहिलं : तो माणूस पाखंडी नव्हता, त्याला फक्त भाषा येत नव्हती; तेवढ्यासाठी पुन्हा बाप्तिस्मा द्यायला मी संमती देणार नाही. ते बाप्तिस्मे खरेच.

मग तिला ‘ओरापोनोबी’चे तीन तुकडेही सांगितले. कर, साठी, आम्हां. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही.

“आम्ही पण तेच म्हणतो ना मराठीत?” तिने विचारलं.

“तेच.”

“आणि त्या फादरला कळवलं का कोणी? की तुझे बाप्तिस्मे खरे म्हणून?”

पत्र बॉनिफेसच्या नावे आहे, मी म्हटलं. त्या फादरचं त्यात नावसुद्धा नाही.

पलीकडे वसईत रात्र झाली होती, ओटीवर मंडळी जमत होती, माझ्या काकूचा आवाज येत होता. आजीने फोन कोणाच्या तरी हातात दिला, बंद करू नको म्हणाली. रोझरी झाली, विनवणी झाली, आणि उठायच्या आधी तिने सगळ्यांना थांबवलं. “एक ‘आमच्या बापा’ अजून,” ती म्हणाली, “त्या फादरसाठी.”